आधी गार, मग गरम

डिसेंबर-जानेवारीत सातपूरला दिवस लवकर सुरू होतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला, ते पेपरात वाचायच्या आधीच अंगाला कळलेलं असतं. त्र्यंबक रोडवर कंपन्यांच्या बस यायला लागतात, तेव्हा अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनीतल्या घराघरांत गिझरचे लाल दिवे लागलेले असतात. फर्स्ट शिफ्टवाला आधी अंघोळ उरकतो. मग शाळेची मुलं. मग डबे भरून झाल्यावर घरातली बाई. ऊन जरा वर आलं की आजोबा, आणि शेवटी तेल लावून झालेलं तान्हं बाळ. माणसं इतकी, पण गिझर एकच आणि त्याचं तापमान ठरवणारं बटणही एकच. ते बटण कुणाच्या हिशोबानं लावलेलं असतं? बहुतेक घरांत सगळ्यांत आधी, सगळ्यांत घाईत अंघोळ करणाऱ्या धडधाकट माणसाच्या. त्याला थोडं कढत पाणी बादलीत घेऊन, वर गार ओतून, पाच मिनिटांत बाहेर पडायचं असतं. त्याच्यापुरतं ते ठीकच आहे. पण दोन तासांनी तेच कढत पाणी, त्याच नळातून, थरथरत्या हाताच्या आजोबांपुढे येतं.

सातपूरच्या माणसाला सेटिंग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी जणांचं आयुष्य मशीनची सेटिंग करण्यात आणि तपासण्यात गेलं आहे. हीट ट्रीटमेंटची भट्टी किती अंशावर आहे हे न बघता कुणी जॉब आत लावत नाही. पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याला आकडे विचारून घेतो. प्रेशर गेजवर कुठवर चालेल आणि कुठून धोका, याच्या रंगीत खुणा असतात. बॉयलरसाठी तर आपल्या देशात १९२३ पासून कायदा आहे. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दर वर्षी ४ मार्चला कंपन्यांमध्ये सुरक्षा दिवस होतो. शपथ होते, पोस्टर लागतात, मुलांच्या चित्रांना बक्षिसं मिळतात. हे सगळं मनापासून करणाऱ्या माणसाला विचारून बघा, तुमच्या घरचा गिझर किती अंशावर लावलेला आहे? बहुतेकांना सांगता येणार नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. गिझर बसवायला आलेला माणूस एकदा काय ते लावून गेलेला असतो. कितीतरी गिझरना बाहेरून बटणच नसतं, थर्मोस्टॅट खालच्या झाकणाच्या आत असतो. ज्यांना बटण असतं त्यांच्यावर अनेकदा अंश लिहिलेले नसतात, बारीकपासून जाड होत गेलेली एक रेघ असते. आणि एकदा तापलेलं पाणी आलं की त्याचा आकडा विचारावा असं कुणाला वाटतही नाही.

आकडा विचारावा, कारण या बाबतीत थोड्या अंशांनी फार मोठा फरक पडतो. १९४७ साली हार्वर्डमधल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी किती गरम पाण्यानं किती वेळात त्वचा भाजते याचा बारकाईनं अभ्यास केला. आजही जगभरचे डॉक्टर त्याच अभ्यासाचा आधार घेतात. पाणी ४९ अंशांवर असेल, तर मोठ्या माणसाची त्वचा खोलवर भाजायला काही मिनिटं लागतात. ५५ च्या आसपास अर्धं मिनिट पुरतं. ६० ला पाच सेकंद. ७० ला जेमतेम एक. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळे त्याच्यासाठी हा वेळ आणखी कमी. कितीतरी गिझर ६० किंवा त्याच्याही वर पाणी तापवतात.

पाच सेकंद म्हणजे किती, हे जरा डोळ्यांसमोर आणा. डोळ्यांत साबण गेला आहे आणि हातानं नळ चाचपडत शोधायचा आहे. किंवा आजोबा स्टुलावर बसले आहेत, अंगावर कढत पाणी आलं, आणि भिंतीचा आधार घेऊन त्यांना उठायचं आहे. किंवा दीड वर्षाच्या मुलानं खेळता खेळता नळ फिरवला, आणि हा चटका कशामुळे लागतोय हेच त्याला उमगत नाही. ते मागं सरकत नाही, जागच्या जागी उभं राहून रडतं. पाणी ५० च्या आत असेल तर या तिघांनाही बाजूला व्हायला वेळ मिळतो, कुणीतरी धावत यायला वेळ मिळतो. ६५-७० ला तो वेळच नसतो. गिझरच्या बटणाचा थोडासा फेर, पण तेवढ्यानं सेकंदांची मिनिटं होतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हे ओळखून १९८३ मध्ये एक साधा कायदा झाला. नवा गिझर दुकानातून बाहेर पडतानाच ४९ अंशांवर लावलेला असावा, एवढंच त्यात होतं. घरमालकाला पुढे तो वाढवायची मोकळीक होती. पण कारखान्यातून जे लावून आलं ते बहुतेक लोक तसंच ठेवतात, आणि इथं या सवयीचा उपयोगच झाला. पुढच्या काही वर्षांत तिथं नळाच्या गरम पाण्यानं भाजून रुग्णालयात भरती होणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आईवडिलांना ‘लक्ष ठेवा, लक्ष ठेवा’ असं सांगून जे साधत नव्हतं, ते एक आकडा बदलल्यानं साधलं. लक्ष सगळेच आईबाप ठेवतात. पण दूध उतू जातं, दारावरची बेल वाजते, फोन येतो. त्या मिनिटभरात मूल सुरक्षित राहावं ही सोय आधीच करून ठेवता येते.

यावर घरात एक प्रश्न हमखास येईल. पन्नासवर ठेवलं तर चौघांना पाणी पुरेल का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. नळाचं पाणी २० अंश आणि अंघोळीचं ४० अंश धरू. १५ लिटरचा गिझर ६० वर तापला, तर त्यातून गार मिसळून अंघोळीचं ३० लिटर पाणी होतं. ५० वर तापला, तर साडेबावीस लिटर. म्हणजे पाणी कमी होतं, हे खरंच. पण २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० वरून ५० वर न्यायला साधारण पंधरा-सोळा मिनिटं घेतो. दोन अंघोळींच्या मध्ये तेवढा वेळ सोडला की भागतं. फर्स्ट शिफ्टवाला बाहेर पडल्यावर शाळेचा मुलगा ब्रश करून, दूध पिऊन येईपर्यंत पाणी पुन्हा तयार असतं. कमी तापवलेल्या पाण्याचे आणखीही फायदे आहेत. टाकीतून वाया जाणारी उष्णता कमी होते, म्हणून वीज वाचते. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर क्षारांचा थरही जरा उशिरा धरतो.

मात्र पाणी फार कोमटही ठेवू नये. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान बरेच दिवस साठून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, आणि त्यानं फुप्फुसांचा आजार होतो. म्हणून रुग्णालयांत आणि मोठ्या हॉटेलांत पाणी ६० अंशांवर साठवतात आणि नळापाशी व्हॉल्व्हनं गार मिसळून देतात. आपल्या घरी रोज टाकी रिकामी होते, रोज नवं पाणी तापतं. तिथं ५० च्या आसपासचा आकडा समंजस आहे. सुट्टीत पंधरा-वीस दिवस गावी जाऊन आलात, तर पहिल्या दिवशी गिझर पुरता तापवा, ते पाणी सावकाश सोडून द्या, मग पुन्हा खाली आणा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा औषधांनी कमी झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारून पाणी ६० वर साठवा आणि नळाला आपोआप गार मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवून घ्या.

आता जे काम बटणानं होत नाही, त्याच्याबद्दल. आपल्याकडे अंघोळ अजूनही बादलीत होते, आणि लहान मुलं नळापेक्षा बादलीनं जास्त भाजतात. धुळ्या-जळगावाकडून, सिन्नर-दिंडोरीकडून कंपनीत नोकरीला येऊन जी कुटुंबं सातपुरात राहिली, त्यांच्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी बंबाचं पाणी वापरलेलं आहे. बंबातलं पाणी उकळी फुटल्यासारखं यायचं. त्याला थर्मोस्टॅट नव्हता, कुठला आकडा नव्हता. तरीही त्या बायकांनी पोरं सुखरूप न्हाऊमाखू घातली, कारण विसण घातल्याशिवाय पाणी अंगावर घ्यायचं नाही हा हाताचा नेमच होता. आधी घंगाळात गार पाणी, मग त्यात कढत, मग हात तळापर्यंत घालून ढवळणं, मग मनगटाच्या आतल्या बाजूनं किंवा कोपरानं अंदाज घेणं, आणि मगच मूल मांडीवर. यातली प्रत्येक गोष्ट आजच्या बादलीलाही जशीच्या तशी लागू आहे. आधी गार घेतलं, तर कुठल्याही क्षणी कुणाचा हात बादलीत गेला, मूल धडपडून त्यात बसलं, तरी इजा कमी होते. आधी गरम घेतलं, तर गार मिसळेपर्यंतची दोन-तीन मिनिटं ती बादली धोक्याची. ढवळायचं अशासाठी की न ढवळलेल्या बादलीत गरम पाणी वर राहतं आणि गार तळाशी. नळाचंही तेच. उघडताना गार आधी, बंद करताना गरम आधी. सवय लागली की याला वेगळा वेळ लागत नाही, हात आपोआप आधी गार नळाकडे जातो.

हीटरचा रॉड वापरणाऱ्या खोल्या सातपुरात अजून पुष्कळ आहेत. भाड्याच्या एका खोलीत गिझर कुठून येणार? तिथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या रॉडला तापमान ओळखायची सोयच नसते. आपण बंद करेपर्यंत तो तापवतच राहतो, पार उकळेपर्यंत. म्हणून रॉड लावून दुसऱ्या कामाला जाऊ नये. मूल रांगतं असेल तर बादली उंच, भक्कम जागी आणि दाराआड असावी. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. बोट घालून पाणी तापलं का बघणं जिवावर बेतू शकतं. तिथं भाजण्यापेक्षाही शॉकचं भय मोठं.

तान्ह्या बाळाच्या अंघोळीबद्दल थोडं प्रेमानं, पण स्पष्ट बोलायला हवं. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात फार सराईत असतो, त्यांच्यावर घरानं विश्वास टाकलेला असतो. पण त्यांचे हात वर्षानुवर्षं कढत पाण्यात काम करून राठ झालेले असतात. त्यांना कोमट वाटतं ते बाळाला चटका देणारं असू शकतं. बाळाला ३७-३८ अंशांचं पाणी पुरतं, म्हणजे आपल्या अंगाइतकंच ऊबदार. बाळंतिणीला आणि बाळाला कडकडीत पाणी हवं, अशी समजूत मोठ्या मायेनं सांगितली जाते. ती माया घ्यावी आणि पाण्यात थोडं विसण आणखी घालावं. मावशींना राग येणार नाही. आईनं स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून ‘अजून थोडं गार घालूया का?’ असं म्हटलं, तर कुणाचाच मान जात नाही.

माझ्या मनात सगळ्यात जास्त काळजी आहे ती मधुमेह असलेल्या माणसांची. तीस-पस्तीस वर्षं कंपनीत उभं राहून काम केलेले कितीतरी निवृत्त कामगार आज गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा हळूहळू मंद होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, खडा टोचला तरी कळत नाही, आणि पाणी पोळतंय हेही कळत नाही. थंडीत पाय आखडले, की टबात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि पाय बुडवून टीव्हीसमोर बसायचं, ही घराघरांतली सवय. ज्याच्या पायाला संवेदना आहे त्याला ती सुख देते. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला पाणी कोमटच वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसतो. मधुमेहात ती जखम लवकर भरत नाही, चिघळते, आणि कधी कधी पायाचं बोट किंवा पायच गमवावा लागतो. म्हणून अशा माणसानं गरम पाण्यात पाय बुडवून बसूच नये. रबरी पिशवीनं पाय शेकू नयेत. मोजे घालावेत, पांघरूण घ्यावं. अंघोळीचं पाणी पायानं नाही तर कोपरानं तपासावं, आणि त्यातही शंका असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघायला सांगावं. आयुष्यभर दुसऱ्यांची काळजी घेतलेल्या माणसाला ‘जरा पाणी बघ गं’ असं म्हणणं अवघड जातं. सुनेनं, नातवानं न सांगता पाणी काढून, विसणून ठेवलं, तर त्याला मागावं लागत नाही.

गच्चीवरच्या सोलरची गोष्ट निराळी. हिवाळ्यात त्याचं पाणी पुरत नाही अशी तक्रार असते, पण एप्रिल-मे महिन्यात त्याच टाकीतलं पाणी ७०-८० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि त्याला कमी करायचं बटण बहुधा नसतं. उन्हाळ्यात गरम पाण्याचा विचारच कुणाच्या डोक्यात नसतो. सुट्टीला आलेली भाचरं हात धुवायला जातात आणि चुकून सोलरचा नळ उघडतात. त्या नळाला लाल खूण करावी, शक्य असेल तर गार-गरम मिसळून देणारा मिक्सर बसवावा. गॅस गिझर असेल तर आणखी एक ध्यानात ठेवावं. पाण्याची धार बारीक झाली की त्याचं पाणी जास्त तापतं. कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला, टाकीचा दाब कमी झाला, की अंघोळ करणाऱ्याच्या अंगावर एकदम चटका बसतो. आणि गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत असावेत.

एवढी काळजी घेऊनही कधी कुणी भाजलंच, तर पहिली वीस मिनिटं मोलाची असतात. भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, आणि वीस मिनिटं तसाच धरावा. दोन मिनिटांत थांबू नये. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, इडलीचं पीठ, बटाट्याचा कीस, यातलं काहीही लावू नये. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, करगोटा, पैंजण काढावेत. भिजलेले कपडे काढावेत, पण कातडीला चिकटले असतील तर ओढू नयेत. फोड फोडू नयेत. लहान मूल असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली असताना बाकीचं अंग गरम कपड्यात गुंडाळून ठेवावं, नाहीतर ते गारठतं. मग स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैलसर टाकून डॉक्टरकडे न्यावं. चेहरा, हात, पाय, जांघ भाजली असेल, किंवा भाजलेला माणूस तान्हा, वयस्कर किंवा मधुमेही असेल, तर जखम छोटी दिसली तरी दवाखाना टाळू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे, तो घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

घरातलं पाणी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाच्या हिशोबानं तापवावं, असं मला ठामपणे वाटतं. धडधाकट माणसाला पाच मिनिटं थांबता येतं, एखादी बादली कमी वापरता येते. बाळाला आणि आजोबांना आपली कातडी बदलता येत नाही. आणि हे करायला फार काही लागत नाही. पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर दुकानात मिळतो, ताप मोजायचा मात्र इथं चालत नाही. गिझर तापून लाल दिवा बंद झाला की गरम नळ मिनिटभर सोडा, पेल्यात पाणी घ्या आणि मोजा. पन्नासच्या बरंच वर असेल, तर बटण थोडं खाली फिरवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. बटण आत असेल तर झाकण स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा, आणि तो आलाच आहे तर अर्थिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्हही तपासून घ्या. जमलेल्या जागी, कंपनीत गेजवर करतात तशी, पक्क्या शाईची एक हिरवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला कळेल की बटण इथवरच.

तुम्ही हे वाचताय तेव्हा कदाचित तुमचा गिझर चालूच असेल. अंघोळीला जाताना त्याच्या खाली वाकून एकदा बघा, बटण कुठं आहे ते. आज संध्याकाळी घरी आलात की पाणी मोजा, आणि उद्याच्या पहिल्या अंघोळीआधी ते पन्नासपाशी आणा.